तेरेखोलची तिया

गोव्याचा नकाशा उघडून पाहिला, तर अगदी वरच्या टोकाला, तेरेखोल नदी ओलांडून पलीकडे सांडलेला एक ठिपका दिसतो. नदीच्या दक्षिणेला पेडणे तालुक्यातले केरी; उत्तरेला मात्र सगळा मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्याचा, आणि त्याच्या कुशीत हे एकटे गाव गोव्याचे. पुढे समुद्र, बाजूला नदी, मागे काजूचा डोंगर आणि डोंगरापलीकडे रेडी. खोल तीर म्हणून तेरेखोल, असे सांगतात. बांद्याकडून आरोंद्याला वळसा घालून आलेली नदी येथे समुद्राला मिळते, आणि त्या मुखावरच्या कड्यावर किल्ला उभा आहे. माझ्या वडिलांची थोरली बहीण याच गावात १९३८ साली जन्मली आणि याच गावात २०१९ च्या पावसाळ्यात वारली. मराठीत तिला आत्या म्हणायला हवे. पण आमच्या घरात पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला एक शब्द अजून सुखाने नांदतो, तो म्हणजे तिया.

आपल्या नियतकालिकात थोरामोठ्यांची चरित्रे येतात. तियेच्या चरित्रात सांगण्यासारखी एकही पदवी नाही, पद नाही, छायाचित्रेही इनमीन चार. तरीही बेळगावच्या या महाविद्यालयात मी आज शिकवते आहे, त्याचा खर्च तेरेखोलच्या काजूबियांतून निघाला होता आणि त्या बिया उन्हातान्हात वेचणारे हात तिचे होते. तेवढा आधार मला लिहायला पुरे आहे.

किल्ला मुळात सावंतवाडीच्या खेम सावंतांचा, सतराव्या शतकातला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्केस द आलोर्न याने तो घेतला. सगळा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो पुढे १७८८ मध्ये. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे तेरेखोल हा सावंतांच्या मुलखात रुतलेला एक पोर्तुगीज काटाच होता. किल्ल्याच्या आत, चौकाच्या मधोमध, संत आंतोनीचे पांढरेशुभ्र चर्च आहे. बुरूज, तोफांच्या खाचा, पहारेकऱ्यांच्या कोठड्या आणि त्यांच्यामध्ये हात जोडून उभे असावे तसे ते देऊळ. (गावातले लोक बोलताना कधी इगर्ज म्हणत, कधी देऊळ, तियेला दोन्ही शब्द सारखेच.)

संत आंतोनी म्हणजे लिस्बनला जन्मलेला आणि १३ जून १२३१ रोजी पादुआजवळ वारलेला फ्रान्सिस्कन साधू. हरवलेली वस्तू शोधून देणारा म्हणून त्याची ख्याती जगभर. गोव्यात तर पोर्तुगीजांनी त्याला सैन्यात कप्तानाचा हुद्दा देऊन त्याच्या नावे सरकारी तिजोरीतून पगारही चालू केला होता! ही गोष्ट मी पुस्तकात वाचून तियेला सांगितली, तेव्हा तिने नुसते हूं केले आणि विचारले, "मग तो पगार घरी कोणाकडे पाठवी?" तिच्या ओळखीचे सगळे पगारदार बोटीवर होते आणि दर महिन्याला त्यांच्या मनीऑर्डरीची वाट पाहिली जाई. संत झाला म्हणून काय झाले, त्याच्याही मागे कोणीतरी असणारच, असा तिचा हिशेब.

तिच्या लहानपणीची जी एकच मोठी घटना ती पुनःपुन्हा सांगे, ती १५ ऑगस्ट १९५४ ची. त्या दिवशी गोमंतकीय सत्याग्रहींच्या तीन तुकड्या तीन बाजूंनी गोव्यात शिरल्या. तेरेखोलवर आलेल्या तुकडीचे नेते आल्फ्रेड आफोन्सो होते. त्यांनी किल्ल्यावर तिरंगा चढवला. एक दिवस किल्ला त्यांच्या ताब्यात राहिला आणि मग पोर्तुगीज शिपायांनी त्यांना धरून नेले. तिया तेव्हा सोळा वर्षांची. आजोबांनी दाराला आतून अडसर घातला होता. तिने खिडकीच्या फटीतून झेंडा पाहिला. "उंच नव्हता फार," ती सांगे, "पण पाऊस पडत होता नि तो भिजून काठीला चिकटला होता. वारा आला की तेवढ्यापुरता सुटायचा." त्या रात्री आजीने घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, दोनदा म्हणवून घेतली. एकदा वर गेलेल्या पोरांसाठी आणि एकदा शिपायांसाठी. दोघांच्याही आया कुठेतरी बसल्या असतील, एवढेच आजीचे राजकारण. तियेने तेच पुढे चालवले.

पुढच्याच वर्षी सरहद्द बंद झाली. ही गोष्ट शहरातल्या माणसाला कळायची नाही. तेरेखोलला बाजार करायचा तर शिरोडा, तांदूळ आणायचा तर रेडी, सोयरीक करायची तर आरोंदा. पायांखालच्या या वाटा एका दिवसात परदेश झाल्या. उरली फक्त नदी आणि नदीपार केरी. पावसाळ्यात होडी बंद झाली की चार-चार दिवस गाव एकटे. मीठ मिळेना, तेव्हा बायका समुद्राचे पाणी आटवून मीठ काढीत, आणि काही मैलांवर शिरोड्याची मिठागरे पांढऱ्या राशींनी भरलेली असत! एका आजारपणात, १९५८ च्या जुलैत, पेडण्याला न्यायला होडी मिळाली नाही म्हणून आजी गेली. तियेला तेव्हा विसावे वर्ष. माझे वडील अकरा वर्षांचे. त्यांच्या केसांना तेल लावण्यापासून चपलेचा अंगठा शिवण्यापर्यंतचे सगळे तिच्याकडे आले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रेडीची वाट पुन्हा मोकळी झाली. तिया त्या नाताळात शिरोड्याच्या बाजारात जाऊन आली आणि येताना पायलीभर मीठ घेऊन आली. घरात गरज नव्हती तरी.

तिचे लग्न ठरले होते, हे मला फार उशिरा कळले. मुलगा हरमलचा. तारीखही धरली होती. १९६६ साली थोरल्या काकांची बायको बाळंतपणात गेली आणि तीन मुले मागे राहिली. काका तारवटी, बोटीवर, कुठल्या बंदरात आहेत ते पत्र येईपर्यंत कळायचे नाही. तियेने हरमलला निरोप धाडला की एक वर्ष थांबा. ते भले लोक, खरेच एक वर्ष थांबले. मग दुसरा निरोप आला, आणि त्याला तिने उत्तर पाठवले नाही. पुढे कैक वर्षांनी मी तिच्याबरोबर केरीहून फेरीबोटीने येत होते. एका वयस्क गृहस्थाने टोपी काढून तिला "देव बरें करूं" म्हटले, तिने पदर सावरला, दोघे नदीकडे पाहत उभे राहिले. बोट लागली. "कोण गं तिया?" असे मी विचारले. "हरमलचे," एवढेच ती बोलली आणि पिशवीतली मासळी खराब होईल म्हणून भराभर चालू लागली.

त्या तीन मुलांच्या पाट्यांवरच ती अक्षरे शिकली. पोर्तुगीज अमलात तिला शाळा मिळाली नव्हती. प्रार्थनेच्या पुस्तकातली रोमी लिपी तेवढी तोंडपाठ असल्यामुळे वाचता येई. मुक्तीनंतर गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. मुले संध्याकाळी 'कमळ, गवत, घर' गिरवायला बसली की ही चुलीपाशी बसून कोळशाने जमिनीवर गिरवी. वर्षभरात ती मराठी वर्तमानपत्र वाचू लागली. पणजीहून निघणारा 'गोमन्तक' शिळा होऊन गावात येई, तो ती पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाची. आणि रोमी कोंकणीतला 'वावराड्यांचो इश्ट' मिळाला की तोही. एक डोळा नागरीत, दुसरा रोमीत. १९६७ च्या जनमत कौलात फूल की दोन पाने, विलीनीकरण की संघप्रदेश, या प्रश्नावर घरेच्या घरे भांडली. तिया कोणाला मत देऊन आली, हे आम्ही मुलांनी पुढे तिला शंभरदा विचारले असेल. "अल्तारावर फूल लागते नि मांडवाला पान लागते," ती म्हणे, आणि विषय संपे.

वडील नोकरीसाठी बेळगावला आले आणि इथलेच झाले. तियेची पत्रे येत ती मराठीत. बोलणे पेडण्याकडच्या कोंकणीत, प्रार्थना लॅटिनमध्ये, आणि पत्र मराठीत! 'ळ' आणि 'ल' यांचा तिच्याकडे कायमचा घोटाळा. 'काळजी' हा शब्द तिने आयुष्यभर 'कालजी' असा लिहिला. पत्राची सुरुवात सांत आंतोनाच्या कृपेने, मग कोण आजारी, कोण बोटीवरून आला, काजूला मोहर कसा, आणि शेवटी नेमके तेच वाक्य, पोरांना रात्री तेर्स म्हणायला लाव.

मी एम.ए.ला असताना फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' अभ्यासाला होते. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट मराठी शिकतो काय आणि बायबलची कथा हजारो ओव्यांत रचून १६१६ साली राशोलला छापतो काय! त्याच परंपरेतल्या आंतोनियु द साल्दान्य याने १६५५ साली संत आंतोनीचे चरित्रही मराठी-कोंकणीत छापले. सुट्टीत मी क्रिस्तपुराणाची प्रत तेरेखोलला नेली आणि तियेला काही ओव्या वाचून दाखवल्या. ती काजूबिया सोलत होती. ऐकता ऐकता हात थांबले. रेडीच्या देवळात पावसाळ्यात पोथी लागते, लहानपणी माऊलीच्या जत्रेला गेल्यावर कानावर पडे, तीच चाल ही, असे ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "म्हणजे हे आमच्याकडे होते. मग आम्हाला लॅटिन कशाला शिकवले?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या प्राध्यापकांनी दोन तासिकांत दिले होते. मला ते तिच्यापुढे देता आले नाही.

लॅटिनची तिची गोष्ट निराळीच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६२ ते ६५ मध्ये, लोकभाषेतली उपासना मोकळी केली आणि हळूहळू मिस कोंकणीत होऊ लागली. सगळे खूश. तियाही खूश. पण अल्तारावरचे तांब्यापितळेचे घासताना ती एकटीच जुनी लदीन लॅटिनमध्ये गुणगुणे. मी एकदा अर्थ विचारला. "अर्थ देवाला ठाऊक," ती म्हणाली, "आईने शिकवले तसे म्हणते." एकदा ती बेळगावला आली असता रविवारी आम्ही चुकून कन्नड मिसेला पोचलो. तासभर ती तल्लीन होऊन बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "फार बरे वाटले. एक शब्द कळला नाही. अगदी पूर्वीसारखे!" माझ्या कन्नड विभागातील सहकाऱ्यांना हा किस्सा मी सांगत असते, ते मनापासून हसतात.

चर्चमध्ये तिला कोणता अधिकार होता? काहीही नाही. कुंफ्रादीत, म्हणजे चर्चच्या मंडळात, लाल ओपा पांघरून मिरवायचे ते पुरुषांनी. पाद्री पलीकडून यायचा. तिया झाडायची, पुसायची, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडायची आणि अल्तारावरची वस्त्रे धुऊन, खळ घालून, कोळशाच्या इस्त्रीने कडक करायची. ही वस्त्रे तिचा खरा अभिमान. फेस्त खरे म्हणजे १३ जूनचे. पण किल्ल्यातले फेस्त बहुधा मे महिन्यात होते. तियेच्या मते याचे कारण साधे होते, जूनच्या पावसात खळ धरत नाही! त्याआधी नवेनीचे नऊ दिवस, रोज संध्याकाळी कडा चढायचा. मे महिन्यातच वाटेवरच्या खुरसांपुढे लदिनी. लदीन संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप, मोठ्यांना थेंबभर फेणी. आणि रोज रात्री आंगेलुसची घंटा झाली की आम्ही पोरे रांगेने तिच्यापुढे हात जोडून "बेसांव दी" म्हणत असू. ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवी. माशाचा वास आणि खळीचा वास एकत्र, तो आशीर्वाद.

पुढे किल्ल्यात हॉटेल झाले. पहारेकऱ्यांच्या कोठड्यांत पाहुणे उतरू लागले आणि चर्च मिसेच्या वेळी व सणाला उघडू लागले. तिया कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन छत्र्यांखाली कॉफी पिणाऱ्या लोकांमधून चालत जाई. एकदा एका परदेशी बाईने तिला हॉटेलची नोकर समजून पाणी मागितले. तियेने टोपली उतरवली, आत जाऊन पाणी आणून दिले आणि बाईने पुढे केलेली नोट घेऊन चर्चच्या पेटीत टाकली. मला राग आला होता. "तहानलेली होती," तिया म्हणाली. मला तो राग अजून येतो, हे इथे नमूद करते.

आता काजूबद्दल. मार्च ते मे हा आमच्या घरचा कणा. पहाटे उठून डोंगरावर जायचे, टोकाला खिळा मारलेल्या काठीने गळलेले बोंडू टोचून टोपलीत टाकायचे, बी पिळून वेगळी करायची. बोंडू कोळंबीत तुडवून नीरो काढायचा, तो आंबवून भाणात चढवायचा. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. भट्टी पुरुषांची, बिया तियेच्या. बी वाळवून विकायची आणि तो पैसा डब्यात. त्या डब्यातून काकांची तीन मुले शिकली आणि नंतर मी. जमीन मात्र आमची नव्हती. आम्ही कुळे. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना बळ दिले खरे, पण कागद आणि डोंगर यांच्यात नेहमीच अंतर असते.

२०१४ साली गावचे नाव वर्तमानपत्रांतून गाजू लागले. पठारावर गोल्फचे मैदान आणि मोठे हॉटेल करण्याची योजना होती. गावकऱ्यांचा विरोध होता, प्रकरणे न्यायासनांपुढे गेली. ती हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. मी आमच्या घरापुरते सांगते. कुळाचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही दिली की रक्कम मिळणार, असा प्रस्ताव आमच्याकडे आला. घरातले पुरुष मुंबईत, आखातात, बेळगावात. काजू कोण वेचणार? तिया शहात्तर वर्षांची. वडिलांचे म्हणणे असे की पैसे घ्यावेत, तिला बेळगावला आणावे, डोळ्यांचे ऑपरेशन करावे. त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. त्यांना तिची चिंता होती. तियेने ऐकून घेतले आणि सही करणार नाही म्हणाली. कारण विचारले तर तिने आरडाओरडा केला नाही, हक्काची भाषा केली नाही. "गाव उठले तर फेस्ताला कोण येईल?" एवढेच. पाहुण्यांच्या छत्र्यांमध्ये सांत आंतोन एकटा बसलेला तिला दिसत होता.

वडील रागावले. ज्या बहिणीने त्यांना वाढवले, तिच्याशी ते वर्षभर बोलले नाहीत. २०१५ च्या मेमध्ये फेस्ताला गेले नाहीत; जन्मात पहिल्यांदा. जूनमध्ये नेहमीप्रमाणे बेळगावला पार्सल आले, भाजलेल्या काजूंचे. आत चिठ्ठी, बी यंदा लहान आहे, कालजी करू नको. वडिलांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, काजू आईकडे दिले आणि त्याच रात्री आंबोलीच्या घाटातून धुक्यात गाडी काढून सावंतवाडी, शिरोडा, रेडी करत पहाटे तेरेखोलला पोचले. मी बरोबर होते. ती विहिरीवर होती. दोघे काय बोलले? पाऊस कधी लागला, बोट चालू आहे का, असले काहीतरी. वडिलांनी तिच्या हातातला राजू घेतला आणि चार कळशा पाणी ओढले. मग त्या सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या पोरासारखे, विहिरीच्या काठावरच, त्यांनी हात जोडले आणि बेसांव मागितला.

डोळ्यांचे ऑपरेशन तिने शेवटी करून घेतले, पण पेडण्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेही राहायला ती गेली नाही. शेवटच्या दोन वर्षांत कडा चढवेना, तेव्हा अल्तारावरची वस्त्रे मुली घरी आणून देत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांच्या तापाने ती गेली. फेरी बंद होती. आम्ही रेडीकडून गेलो, ज्या वाटेने आजीला नेता आले नव्हते. सिमितेरीत पाऊस धो-धो कोसळत होता. काकांची तीन मुले, तीन देशांतून, तिसऱ्या दिवशी पोचली.

तिची पेटी मी उघडली. प्रार्थनेचे रोमी पुस्तक, पाठीमागची पाने नागरीत गिरवलेली. वडिलांची सगळी पत्रे. फेस्ताच्या तेरा अर्धवट मेणबत्त्या. सही न केलेला तो कागद, चार घड्या घालून, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काजूचा हिशेब.

आता वस्त्रे दोन बायका वाटून धुतात. गेल्या मेमध्ये त्यातल्या एकीने मला विचारले, की तियेची खळ इतकी कडक कशी व्हायची, तिने कधी सांगितले होते का? सांगितले होते. जुन्या उकड्या तांदळाची पेज करायची, पातळ फडक्यातून दोनदा गाळायची, चिमूटभर मीठ घालायचे आणि वस्त्र उन्हात न घालता सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. अर्धे ओले असतानाच इस्त्री फिरवायची.